थोरल्या काकांची ट्रंक आणि डिस्क आतली की बाहेरची



प्रत्येक घरात एक 'कॉम्प्युटरवाला' असतो. आमच्या घरात तो मी. बी.ई. झाल्यापासून प्रिंटर का चालत नाही इथपासून ते मुलीला कुठला लॅपटॉप घ्यावा इथपर्यंतचे सगळे फोन माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी निपाणीहून थोरल्या काकांचा फोन आला. "घरच्या कॉम्प्युटरला एक मोठी डिस्क पाहिजे. आतली घेऊ की बाहेरची?"

प्रश्न साधा आहे आणि नेटवर त्याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. आमच्या घरात मात्र त्याला तीन महिने लागले. ते का लागले हे सांगावंसं वाटतं, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावच्या घरी आमच्यासारखी एखादी ट्रंक असणारच.

ट्रंक आजोबांची. आमचं निपाणीचं घर जागचं हललेलं नाही, राज्यं मात्र बदलत गेली. आजोबांचा जन्म मुंबई इलाख्यातला. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्ह्याबरोबर निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि १ नोव्हेंबर १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. ट्रंकेतले कागदसुद्धा तसेच थराथरानं लागलेत. तळाशी मोडीतली खतं आणि तंबाखूच्या वखारीच्या वह्या. त्यावर बाळबोध मराठीतले उतारे आणि शाळेचे दाखले. सगळ्यात वर कन्नडमधल्या पावत्या आणि उतारे. मधे कुठेतरी एका पाकिटात १९८१ च्या तंबाखू आंदोलनातले चार फोटो आहेत. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीत हायवेवर बसले होते आणि त्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात त्यातले काही मारले गेले. फोटोतल्या गर्दीत आजोबा कुठे आहेत, हे फक्त काकांना ओळखता येतं.

हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं काकांच्या मनात आलं ते २०१९ च्या पुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि वाहतूक बंद पडली. आमचं घर उंचावर, तिथे काही झालं नाही. आत्याचं घर नदीकाठच्या गावात आहे. तिच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात लग्नाचा अल्बम होता. पाणी ओसरल्यावर फोटो एकमेकांना असे चिकटले होते, की सोडवताना चेहरेच निघून आले. पुढच्या वर्षी नातीच्या ऑनलाइन शाळेसाठी काकांकडे डेस्कटॉप आला, मग स्कॅनर आला. स्कॅन करायला सुरुवात केल्यावर लक्षात आलं, की कॉम्प्युटरमधली ५०० जीबीची डिस्क नातीच्या अभ्यासानं आणि सगळ्यांच्या मोबाइलमधल्या व्हिडिओंनी जवळजवळ भरली आहे. म्हणून तो फोन.

काकांना आतली डिस्क हवी होती. "आत बसव. घरात ऱ्हाईल. बाहेरची म्हणजे कोण उचलून न्हेईल, पत्ता लागायचा न्हाई."

बेळगावच्या चुलतभावाला, म्हणजे आमच्या दादाला, बाहेरची हवी होती. "आत बसवली तर आम्ही बघायची कधी? दर वेळी निपाणीला यायचं काय?"

दोघंही डिस्कबद्दलच बोलत होते, पण मनात दुसरं होतं. शेताच्या वाटणीचा विषय आमच्याकडे अजून पूर्ण मिटलेला नाही. जुने उतारे आणि खतं ज्याच्या घरात, त्याचं म्हणणं वजनदार, असं प्रत्येकाला वाटतं. ट्रंक काकांकडे आहे याची दादाला थोडी धास्ती, आणि डिस्क दादाकडे जाईल याची काकांना. आत की बाहेर या प्रश्नात कोणाकडे हा प्रश्न लपलेला होता. तो मला सोडवता येणार नव्हता, म्हणून मी आधी येत होतं तेवढं केलं. हिशेब मांडला.

ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं आणि कॉम्प्रेस न करता ठेवलं, तर साधारण २६ एमबी होतं. ट्रंकेत सहाशेच्या आसपास कागद, म्हणजे सोळा जीबीच्या आत. जुने फोटो पोस्टकार्डाएवढे असतात. ते ६०० डीपीआयला स्कॅन केले तरी एकेक तेवढाच भरतो. हजार फोटो धरले तर २६ जीबी. लग्नांच्या सात व्हिडिओ कॅसेट बेळगावात एका स्टुडिओतून डिजिटल करून घेतल्या, त्या एकेका डीव्हीडीत मावतील एवढ्या, म्हणजे प्रत्येकी साडेचार जीबीच्या आसपास. सगळं मिळून पाऊणशे जीबी. तीन पिढ्यांची ट्रंक पाऊणशे जीबीत बसते, आणि आमच्या चार घरांच्या मोबाइलमधले गेल्या आठ वर्षांतले फोटो-व्हिडिओ चारशे जीबीच्या वर जातात! म्हणजे एक टीबीची डिस्क पुरेशी होती. (एक टीबीची डिस्क लावली, की विंडोज ९३१ जीबी दाखवतं. दुकानदारानं फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.)

आता आतली आणि बाहेरची यांत फरक काय? बाहेरची हार्ड डिस्क उघडली तर आत बहुतेक वेळा तीच डिस्क निघते, जी लॅपटॉपच्या पोटात बसते. तिच्यावर एक डबी आणि यूएसबीचं छोटं सर्किट चढवलेलं असतं. उलटही करता येतं. जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून केसिंगमध्ये घातली, की ती बाहेरची झाली. लहान, अडीच इंची डिस्क यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालते. डेस्कटॉपची मोठी, साडेतीन इंची डिस्क बाहेर काढली तर तिला बारा व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. घेताना एक बघून घ्यावं. काही तयार डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट डिस्कच्याच सर्किटवर जोडलेलं असतं. ते पोर्ट तुटलं, तर डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये घालता येत नाही. साधी साटा डिस्क आणि वेगळं केसिंग घेतलं, तर केसिंग बिघडल्यावर फक्त केसिंग बदलायचं.

वेगाचं म्हणाल, तर फिरणारी हार्ड डिस्क आत बसवा नाहीतर बाहेर, ती सेकंदाला शंभर ते दोनशे एमबीच्या आसपासच देणार. यूएसबी ३ चा मार्ग त्याहून बराच रुंद आहे, त्यामुळे तिथे अडत नाही. अडतं ते जुन्या यूएसबी २ वर. तिथे तीस-पस्तीस एमबीच्या पुढे गाडी जात नाही. डेस्कटॉपला बऱ्याचदा नव्या प्रकारचं पोर्ट आतून निळं असतं, तेवढं बघून लावलं तरी काम होतं. खरा फरक एसएसडीनं पडतो. साटाची साधी एसएसडी सेकंदाला पाचशे एमबी देते, आणि छोट्या छोट्या हजारो फाइल वाचताना तर हार्ड डिस्क तिच्या जवळपासही येत नाही. म्हणून काकांच्या कॉम्प्युटरला आतून द्यायची तर एसएसडी द्यायची, आणि विंडोज तिच्यावर टाकायचं, हे ठरलं. कॉम्प्युटर 'नवा झाला' असं नात म्हणाली, त्यात फार अतिशयोक्ती नव्हती.

कामासाठी आतली डिस्क चांगली. ती हलत नाही, तिची केबल निसटत नाही, कुणी अर्ध्यातून उपसत नाही. पण जपण्यासाठी म्हणून आतल्या डिस्कवर एकटीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि आपल्या भागात तर नाहीच. वळवाच्या पावसात, एप्रिल-मेमध्ये, वीज कडाडते, लाइट जाते, येताना झटका देऊन येते. एका कॅबिनेटमधल्या सगळ्या डिस्क एकाच एसएमपीएसवर जगतात, त्यामुळे तो जळताना सोबत काय काय नेईल सांगता येत नाही. आत दोन डिस्क लावून एकीची नक्कल दुसरीवर ठेवली, तरी हा धोका तसाच राहतो. व्हायरसचंही तेच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला तेव्हा त्यानं फाइलींना कुलूप लावलं, ते आतल्या डिस्कवर आणि त्या वेळी जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरही.

म्हणजे बाहेरची डिस्क घेऊन ती बारा महिने कॉम्प्युटरला लावून ठेवली, तर ती बाहेरची राहत नाही. तिचा उपयोग आहे तो काढून कपाटात ठेवण्यात. तिलाही तिची पथ्यं आहेत. चालू असताना ती टेबलावरून पडली, तर आतलं डोकं तबकडीवर घासतं आणि मग ती उघडायला शहरातल्या लॅबमध्ये पाठवावी लागते. वायर उपसण्याआधी स्क्रीनवरून 'सुरक्षित काढा' हे करायचंच. आणि एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं वीज न देता ठेवायची नसते, कारण तिच्यातला मजकूर विद्युतभारावर टिकतो आणि तो हळूहळू गळतो. कपाटातल्या प्रतीसाठी जुनी फिरणारी हार्ड डिस्कच बरी.

छायाचित्रकार मंडळींमध्ये एक नियम चालतो, ३-२-१ चा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. शेवटचा भाग वाचल्यावर मला आत्याचा अल्बम आठवला. कपाट कितीही चांगलं असलं तरी पाणी घरात आलं की सगळ्या कपाटांत येतं. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, तेव्हा तिथले हार्ड डिस्कचे कारखानेच बुडाले आणि जगभर डिस्क महाग झाल्या. डिस्क बनवणाऱ्यांची ही गत, तर वेदगंगेकाठच्या घराचं काय सांगावं!

तेव्हा मी घरच्या ग्रुपवर असं मांडलं. निपाणीच्या कॉम्प्युटरमध्ये आत एसएसडी, रोजच्या कामाला आणि स्कॅनिंगला. जुनी ५०० जीबीची डिस्क आतच राहील, मोबाइलच्या व्हिडिओंसाठी. आणि ट्रंकेच्या पूर्ण प्रती तीन बाहेरच्या डिस्कवर: एक काकांच्या कपाटात, एक दादाकडे बेळगावला, एक माझ्याकडे बेंगळुरूला. निपाणी ते बेळगाव पंचाहत्तर किलोमीटर, बेळगाव ते बेंगळुरू पाचशे. एकच पूर या तिन्ही घरांत शिरणार नाही.

एका बहिणीनं विचारलं, "हे सगळं ड्राइव्हवर का टाकत नाही?" टाकायला हरकत नाही, फोटो टाकलेतही. पण फुकट मिळतात ते पंधरा जीबी, त्यात तिच्या मेलचीही जागा धरलेली. पुढे दरवर्षी पैसे भरायचे ते कोणाच्या खात्यातून, आणि तो माणूस नसेल तेव्हा पासवर्ड कोणाकडे, हे प्रश्न उरतात. शेताचे कागद तरी हातात धरता येईल अशा वस्तूवर असावेत, यावर काका आणि दादा यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

डीव्हीडीचाही निकाल लावला. २००५ नंतरची लग्नं डीव्हीडीवर आहेत आणि आता कुणाच्याच लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही. तिथे मात्र बाहेरचाच घ्यावा, असं माझं मत. यूएसबीला लावायचा, या घरातून त्या घरात फिरवायचा, डिस्क कॉपी करून घ्यायच्या आणि ठेवून द्यायचा. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी कॅबिनेट उघडायचं कारण नाही. अकरांपैकी नऊ डीव्हीडी वाचल्या गेल्या. एकीला तडा गेला होता. एक दिसायला स्वच्छ होती, तरीही वाचली गेली नाही.

एवढं सगळं पटल्यावरही काका गप्प होते. मी निपाणीला गेलो तेव्हा जेवण झाल्यावर म्हणाले, "सगळ्यांकडं सगळं ग्येलं, म्हंजे मग माझ्याकडं काय ऱ्हायलं?"

याला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. कागदाची वाटणी होते तेव्हा एकाकडे मूळ जातं, दुसऱ्याकडे झेरॉक्स. डिस्कवरच्या प्रतीला मूळ-नक्कल नसतं, तिन्ही सारख्याच. इंजिनिअरला ही सोय वाटते. पण पन्नास वर्षं ट्रंकेची किल्ली ज्यानं सांभाळली, त्याला ती सोय वाटेलच असं नाही. मूळ कागद ट्रंकेतच आणि ट्रंक काकांकडेच राहणार, हे दादानं स्वतः फोन करून त्यांना सांगितलं. ते बरं झालं. ते मी सांगून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्कॅन झालेल्या फाइली बघायला बसलो. 'स्कॅन ००१', 'स्कॅन ००२' अशी दोनशे दहापर्यंत नावं. मी म्हटलं, "काका, ही नावं बदलायला पाहिजेत. हे कोण आहेत?" आणि काका बोलायला लागले. हा फोटो १९६२ चा, ही माझी आत्या, लग्नानंतर सहा महिन्यांत गेली. हा दाखला तुझ्या आजोबांचा, मराठी शाळेचा, जन्मतारीख चुकीची आहे, मास्तरांनी अंदाजानं घातली. ही वही वखारीची, यात कोणाकडून किती बोद आले ते आहे. मोडी ते लहानपणी त्यांच्या आजोबांकडून शिकले, याच वह्या वाचत. आमच्या घरात मोडी वाचणारं दुसरं कोणी नाही. काका सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत.

आमच्याकडे अजून काय राहिलं, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे समोर होतं, आणि ते दिलासा देणारं नव्हतं. डिस्क पुढच्या वर्षीही मिळेल, बहुधा याहून मोठी आणि चांगली. चेहऱ्यांची नावं पुढच्या वर्षी मिळतीलच असं नाही.

आता दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल असतो. दादाची मुलगी स्क्रीनवर एकेक फाइल उघडते, काका सांगतात, ती नाव टाइप करते: आधी वर्ष, मग माणूस किंवा जमीन, मग गाव. नावं देवनागरीत, युनिकोडमध्ये. हे मुद्दाम सांगतो, कारण दादानं २००४ साली टाइप केलेला घराण्याचा इतिहास जुन्या डीटीपी फॉण्टमध्ये होता आणि आज तो उघडला तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो बदलून घ्यायला दोन दिवस गेले. आता प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची एक पीडीएफ प्रतही ठेवतो. मोडी वह्यांसाठी काका पान मोठ्यानं वाचतात आणि आम्ही मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करतो. मुलीला मोडीची दहा-बारा अक्षरं ओळखता यायला लागली आहेत. काका तिला 'मास्तरीण' म्हणतात.

दिवाळीला तिन्ही डिस्क निपाणीत एकत्र येतात, वर्षभराची भर तिन्हींवर चढते, चार-दोन फाइली उघडून बघितल्या जातात आणि त्या आपापल्या गावी जातात. पाच-सहा वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायचं, असं लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. जमिनीच्या कागदांच्या फोल्डरला पासवर्ड आहे आणि तो तिन्ही घरांत एकेका माणसाला माहीत आहे.

जाता जाता एक गंमत. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएमनं आणली ती सप्टेंबर १९५६ मध्ये, निपाणी-बेळगाव म्हैसूर राज्यात जाण्याच्या दोनच महिने आधी. मोठ्या कपाटाएवढं यंत्र, त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायचं जेमतेम पावणेचार एमबी. ट्रंकेतलं एक पान आम्ही स्कॅन करतो तसं त्यात बसलं नसतं. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "त्या वर्षी आमच्याकडं तर काय काय मावलं न्हाई बघ."

तर मंडळी, घरच्या कॉम्प्युटरला डिस्क घ्यायची असेल तर आत एसएसडी बसवा आणि बाहेरच्या दोन तरी घ्या, त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा. पण दुकानात जाण्याआधी गावी फोन करा आणि ट्रंकेत काय आहे ते विचारा. फोनवर जे सांगतील ते रेकॉर्ड करून ठेवा. आमच्या सहाशे कागदांपैकी आतापर्यंत तीनशे चाळीस झालेत. मोडीच्या नऊ वह्यांतली दुसरी चालू आहे.